तोरबोर्गच्या स्वयंपाकघरातला बाक

मी बाक बोलतोय. बागेतला किंवा स्टेशनातला नव्हे. त्यांच्यावर कुणीही येतं, टेकतं, पाव खातं आणि उठून जातं. मी स्वयंपाकघरातला बाक. मला पाठ आहे, दोन्हीकडे हात आहेत, आणि माझी बैठक म्हणजे खरं तर झाकण आहे. ते उचलून समोरची फळी ओढली की माझ्या पोटातून अंथरूण बाहेर येतं. दिवसा माझ्यावर घर जेवायचं, रात्री निम्मं घर झोपायचं. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक स्वयंपाकघरात माझ्यासारखा एक असायचाच.

माझा जन्म स्वीडनमधल्या उप्साला शहराच्या पूर्वेला, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात झाला. तिथे अल्गोट नावाचा सुतार होता. त्याची थोरली मुलगी तोरबोर्ग पाळण्यात मावेनाशी झाली आणि धाकटी सिगब्रिट पाळण्यात आली, तेव्हा त्याने हिवाळ्यात पाडलेल्या पाइनच्या फळ्या बाहेर काढल्या आणि मला घडवलं. मला निळा रंग दिला. निळा त्याला आवडायचा म्हणून नाही. शेजाऱ्याची दुधाची गाडी रंगवून तेवढाच उरला होता. लोक मात्र म्हणायचे, "काय सुंदर रंग निवडलाय!" अल्गोट खाली मान घालून हसायचा.

सिगब्रिट जरा मोठी झाल्यावर दोघी बहिणी माझ्यात झोपू लागल्या. एकीचं डोकं या टोकाला, दुसरीचं त्या टोकाला, आणि मधे चार पावलांची मारामारी.

"तुझे पाय बर्फ आहेत बर्फ!"

"मग तू तुझे बाहेर काढून ठेव."

"मी थोरली आहे."

"म्हणून तर तुझे लांब आहेत!"

तोरबोर्ग बडबडी. ती शहराच्या गोष्टी सांगायची. स्वच्छ दिवशी शेतांच्या पार पलीकडे, आभाळाच्या कडेला, उप्सालाच्या मोठ्या चर्चचे दोन मनोरे टाचण्यांसारखे दिसायचे. "मी तिथे राहायला जाणार," ती म्हणायची. सिगब्रिट काहीच म्हणायची नाही. तिला आई, चूल आणि अंगणातली सफरचंदाची झाडं पुरेशी होती.

तसंच झालं. तोरबोर्ग शहरात बेकरीत कामाला गेली आणि छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या राग्नवाल्ड नावाच्या शांत माणसाशी लग्न करून तिथलीच झाली. अल्गोट एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेला. सिगब्रिट गावातल्या डेअरीत काम करू लागली आणि आईजवळ राहिली. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही असं नव्हे. तिने त्यावर फारसा विचार केला नाही, एवढंच.

मग आई आजारी पडली. तिचं अंथरूण माझ्यावर आलं, कारण चूल जवळ होती. पुढचं सगळं मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

फेब्रुवारीतली दुपार होती. सिगब्रिट कामावर गेली होती. तोरबोर्ग शहरातून बसने सूप घेऊन आली होती. ती पातेलं चुलीवर ठेवत होती तेवढ्यात आई म्हणाली, "तोरबोर्ग, दार लाव. आणि मला दवाखान्यात ने. आजच."

"आज? अगं, सिगब्रिट येऊ दे. मग तिघी मिळून ठरवू."

"ती यायच्या आत." आईने डोळे मिटले. "तिच्यासमोर मला हसावं लागतं गं. सकाळी हसायचं, संध्याकाळी हसायचं. आता हसवत नाही. फार दुखतं."

तोरबोर्गने पातेलं पुन्हा चुलीवरून उतरवलं.

"आणि तिला सांगू नकोस, मी म्हणाले म्हणून," आई म्हणाली. "तिला वाटेल, तिच्या हातून माझं झालं नाही. शपथ घे."

तोरबोर्गने शपथ घेतली. मग शेजाऱ्याची मोटार आली. आईला घोंगडीत गुंडाळून नेलं. दाराशी आईने मान वळवून एकदा सगळीकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं असेल.

संध्याकाळी सिगब्रिट घरी आली. दिवा न लावताच तिने हाक मारली. मग ती माझ्याजवळ आली. अंथरूण उघडं, उशी जमिनीवर. तिने आईच्या अंगाने पडलेल्या खळग्यात हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

आई दवाखान्यात गेली ती परत आली नाही. आठवडाही काढला नाही तिने. मातीला आलेले लोक कॉफी पिऊन गेले, आणि दोघी बहिणी समोरासमोर उरल्या.

"पोत्यासारखी उचलून नेलीस तिला," सिगब्रिट म्हणाली.

"सिगब्रिट, ऐक जरा—"

"मी घरात नसताना. चोरासारखी. तिला इथे मरायचं होतं, आपल्या चुलीजवळ. ती मला रोज सांगायची."

तोरबोर्गचे ओठ उघडले. मला वाटलं, आता बोलेल. तिने तोंड मिटलं आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते न्यायला हवं."

"कुठला डॉक्टर? त्या दिवशी इथे कुत्रंसुद्धा आलं नव्हतं!"

तोरबोर्ग कप गोळा करू लागली. उत्तर माझ्याकडे होतं, पण लाकडाला कोण विचारतो?

घर विकलं. सामानाच्या वाटण्या करताना माझ्याकडे बोट दाखवून सिगब्रिट म्हणाली, "त्या बाकावर मला टेकायचंसुद्धा नाही." म्हणून मी तोरबोर्गच्या वाट्याला आलो. ट्रकमधून शहरात आलो, तिसऱ्या मजल्यावर चढताना जिन्याच्या वळणावर माझा एक कोपरा खरवडला गेला, आणि मी खिडकीखाली बसलो. खिडकीतून एका मनोऱ्याचं टोक दिसतं. दुसरा समोरच्या छपराने झाकलेला आहे.

वर्षभराने गावाकडच्या एका बाईने बातमी आणली: सिगब्रिटही उप्सालात आली आहे. नदीपलीकडे एक खोली घेतली आहे आणि झाडाझुडपांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयसच्या जुन्या बागेत, फाटकावर तिकिटं द्यायला लागली आहे.

दोन बहिणी, एक शहर, मधे फ्यूरिस नदी. नदी तरी केवढी? तरुण मुलं वसंतात खोक्यांचे तराफे करून तीत उड्या मारतात आणि कमरेएवढ्या पाण्यातून ओरडत बाहेर येतात. पण ती दोघींना ओलांडवेना. एकदा बाजारात समोरासमोर आल्या, तर एक चीजकडे वळली आणि दुसरी मासळीकडे. तोरबोर्गने घरी येऊन राग्नवाल्डला हे सांगितलं आणि वर म्हणाली, "तिला मासळी आवडतसुद्धा नाही."

राग्नवाल्ड म्हणाला, "मग जाऊन भेट की."

"तिने म्हणायला हवं."

राग्नवाल्ड वारल्यावर घर फारच मोठं झालं. मूलबाळ नव्हतं. तोरबोर्ग सकाळी कॉफी करायची, सवयीने दोन कप मांडायची आणि एक परत ठेवायची. कधीकधी सबंध दिवसात ती एकच वाक्य बोलायची, तेही रेडिओला. पुढे तिच्या खुब्याचं हाड कुरकुरायला लागलं. तीन जिने उतरणं चढणं म्हणजे शिक्षा झाली. सामान खालच्या मजल्यावरची शेजारीण आणून द्यायची.

शेवटी तिने मागची खोली प्रवाशांना द्यायचं ठरवलं. लोक विचारायचे, "एकटी बाई, परकी माणसं घरात, भीती नाही वाटत?" ती म्हणायची, "भीती कसली? निदान कुणीतरी दार तर वाजवेल."

तेव्हापासून माझ्यावर जग येऊन बसू लागलं.

सकाळी ओटची लापशी, रानबेरीचा मुरंबा, वेलचीचा पाव आणि कॉफी मांडून झाली की तोरबोर्ग समोरच्या खुर्चीत बसायची आणि विचारायची, "मग, कसं वाटलं आमचं गाव?" इंग्रजी तिला तोडकंमोडकं यायचं, जर्मन त्याहून कमी. पण विचारायची अशी, जणू सगळं शहर तिनेच रात्री जागून मांडून ठेवलं आहे. कुणी म्हणालं पाऊस पडला, की ही ओशाळायची.

प्रत्येकाचं उप्साला निराळं असायचं. व्हिएन्नाची एक बाई म्हणाली, संध्याकाळी चर्चभोवती कावळ्यांच्या जातीचे पक्षी असे उठतात, जणू मनोऱ्याला आग लागून धूर निघतोय. एका फ्रेंच मास्तराला नदीत बुडालेल्या सायकलीच जास्त दिसल्या. "तुमच्याकडे विद्यार्थी परीक्षेत नापास झाले की सायकली बुडवतात का?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. एक इंग्रज मुलगी ग्रंथालयातलं चांदीच्या अक्षरांचं जुनं बायबल बघून आली आणि लापशीला हातच लावेना. "काचेखाली एकच पान उघडं आहे," ती म्हणाली. "बाकीची पानं अंधारात काय करत असतील?"

एक डच गृहस्थ मात्र रागावले होते. "सुंदर आहे सगळं, पण माणसं? पुलावर एकाला नुसतं सुप्रभात म्हटलं, तर तो दचकून बाजूलाच झाला!"

"त्याला वाटलं असेल, तुम्ही सही मागताय कसल्यातरी अर्जावर," तोरबोर्ग म्हणाली. मग म्हणाली, "आम्ही बोलत नाही म्हणजे आम्हाला बोलायचं नसतं, असं नाही हो."

आणि एक फिनलंडचा ट्रकवाला होता. गाडी बिघडली म्हणून राहिला, दिवसभर झोपला. जाताना त्याला विचारलं, गाव कसं वाटलं? तो बराच विचार करून म्हणाला, "शांत." तोरबोर्ग नंतर चार दिवस त्यावर खूश होती.

मग एका उन्हाळ्यात एक डॅनिश जोडपं आलं. नवरा प्रेबेन, मोठ्याने हसणारा. माझ्यावर बसून पावाला लोणी फासत सांगू लागला, "काल आम्ही त्या जुन्या बागेत गेलो होतो. फाटकावर काय बाई आहे हो तुमच्याकडे! मी नुसतं एका फुलाला बोट लावलं, तर लांबून ओरडली, 'ते झाड तुम्हाला हात लावतंय का? मग तुम्ही कशाला त्याला लावता?'"

त्याची बायको खो खो हसली. तोरबोर्गने किटली खाली ठेवली.

"दिसायला कशी होती?" तिने विचारलं.

"कोण? ती बाई? उंच. पांढरी वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. का हो?"

"काही नाही," तोरबोर्ग म्हणाली. "वेणी पांढरी झाली म्हणायची."

त्या दिवसापासून येईल त्या पाहुण्याला ती बागेत पाठवू लागली. चर्च राहिलं तरी चालेल, किल्ला राहिला तरी चालेल, पण बाग बघाच. दुसऱ्या दिवशी मग प्रश्न. आधी चर्चचा, मग किल्ल्याचा, आणि मग अगदी सहज, पाव कापता कापता: "आणि बागेत? फाटकावर कुणी होतं का?"

कुणी म्हणायचं, कडक बाई आहे. कुणी म्हणायचं, फार मायाळू. आमच्या पोरीला गळून पडलेलं सफरचंद दिलं. कुणी सांगायचं, तिला खोकला झालाय. त्या आठवड्यात तोरबोर्गला झोप नव्हती. कुणी म्हणायचं, हिरवे हातमोजे घालून ती रोपांशी बोलत होती. तोरबोर्ग हसायची. "लहानपणी झाडांशीच बोलायची. माझ्याशी कुठे बोलायची?" पण हे ती पाहुणे गेल्यावर, भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून म्हणायची.

परक्या माणसांच्या तोंडून, तीही तुकड्या-तुकड्यांनी, आपली बहीण गोळा करत बसली होती ती.

हिवाळ्यात बाग बंद. पाहुणेही बंद. तेव्हा तोरबोर्ग खिडकीशी माझ्यावर बसायची आणि बाहेर दुपारीच अंधार पडायचा.

मग बाग पुन्हा उघडल्यावर माग्नहिल्ड आली. नॉर्वेतली निवृत्त मास्तरीण, तोरबोर्गच्याच वयाची. एका रात्रीसाठी आली आणि आवडलं म्हणून राहिली. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिसऱ्या की चौथ्या सकाळी ती कप खाली ठेवून म्हणाली, "बाई, एक विचारू? चर्चबद्दल तुम्ही रीत म्हणून विचारता. फाटकावरच्या बाईबद्दल मात्र खरं विचारता. कोण आहे ती?"

तोरबोर्गने टेबलावर नसलेले तुकडे पुसायला सुरुवात केली. "बहीण आहे," ती म्हणाली. "सख्खी."

"आणि?"

"आणि काय? बोलत नाही आम्ही."

"मी डोंगर ओलांडून आले तुमचं गाव बघायला," माग्नहिल्ड म्हणाली. "तुम्हाला एक पूल ओलांडवत नाही?"

"माझा खुबा—"

"खुबा आत्ता आत्ताचा असेल. आधीची वर्षं काय झालं होतं?"

तोरबोर्ग उठून चुलीकडे गेली. तिची पाठ मला नेहमीपेक्षा लहान दिसली. "निरोप वगैरे काही द्यायचा नाही हं तिला," ती म्हणाली.

माग्नहिल्डने निरोप दिला नाही. पण ती बागेत गेली आणि परत येऊन कोट न काढताच माझ्यावर बसली. "मी तिला एवढंच म्हटलं, अमुक रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर उतरले आहे. तिने तिकीट फाडलं. माझ्याकडे न बघता विचारलं, 'तिला जिना चढवतो का अजून?'"

तोरबोर्ग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "जिन्याचं तिला काय माहीत?"

"अहो, तुम्हाला काय वाटलं," माग्नहिल्ड म्हणाली, "पाहुण्यांना तुम्ही एकट्याच विचारता?"

माग्नहिल्ड गेली त्याच दुपारी तोरबोर्गने चांगला कोट घातला, काठी घेतली आणि दार ओढून घेतलं. जिन्यावर काठीचा आवाज ऐकू आला, थांबला, पुन्हा ऐकू आला. मी कान देऊन होतो. बऱ्याच वेळाने आवाज परत वर येऊ लागला, त्याच्याबरोबर शेजारणीचा. "अहो, पहिल्या मजल्यापर्यंत तरी आलात, हेच खूप झालं!" तोरबोर्ग कोट न काढता माझ्यावर बसली. रडली नाही. बोटांनी माझ्या हाताचा रंग खरवडत राहिली. ती जागा अजून उघडी आहे.

पुढच्या आठवड्यात जर्मनीतल्या लायपझिगहून एक म्हातारा ऑर्गनवादक आला, हेर वीगांड; 'हेर' म्हणजे त्यांच्याकडचं 'श्रीयुत'. चर्चचा ऑर्गन ऐकायला आला होता. भला माणूस, पण आमची भाषा त्याने बहुतेक प्रार्थनेच्या पुस्तकातून शिकलेली. तोरबोर्गने त्याला समोर बसवून हळूहळू सांगितलं, "बागेच्या फाटकावर जी बाई आहे, तिला सांगा, तोरबोर्गला आता जिना उतरवत नाही. एवढंच. समजलं?"

"समजलं, समजलं!" हेर वीगांड छातीवर हात ठेवून म्हणाला.

तो गेला. दुपार व्हायच्या आत जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज आला. दार वाजवलंच नाही कुणी. ते धाडकन उघडलं, आणि पांढऱ्या वेणीची उंच बाई, हिरवे हातमोजे तसेच, धापा टाकत स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली.

तोरबोर्ग बटाटे सोलत होती.

"तू पडली नाहीस?" सिगब्रिट ओरडली.

"मी कशाला पडू?"

"तो म्हातारा म्हणाला! रडवेला होऊन म्हणाला! तोरबोर्ग जिन्यावरून खाली गेली, आता नाही! मी फाटक उघडं टाकून आले!"

"अगं, मी म्हटलं होतं, मला जिना उतरवत नाही."

"मग नीट माणसाबरोबर सांगायचं!"

"तू तरी कुठे नीट माणसाकडे विचारायचीस माझ्याबद्दल?"

सिगब्रिटला हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. तिला दम लागला होता. तिने आजूबाजूला बसायला काही शोधलं, आणि दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून ती माझ्यावर बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं. ती उठली नाही.

तोरबोर्गने कॉफी ओतली. दोघी बागेबद्दल बोलल्या, खुब्याबद्दल बोलल्या, मग बोलण्यासारखं संपलं. तोरबोर्ग कप फिरवत म्हणाली, "त्या दिवशी, आईने मला—" आणि थांबली. शपथ आडवी आली असावी.

"तिनेच सांगितलं ना तुला, ने म्हणून?" सिगब्रिट म्हणाली.

तोरबोर्गने कप खाली ठेवला.

"मला माहीत होतं तिला दुखायचं ते," सिगब्रिट म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "रात्री ती उशीचं टोक दातात धरायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी जागी असायचे. झोपेचं सोंग घ्यायचे. उठून दिवा लावला असता, तर तिला कुठेतरी न्यावं लागलं असतं, आणि मग मी त्या घरात एकटी. म्हणून नाही लावला दिवा. तू आलीस आणि एका दुपारी नेलंस तिला."

"तुला माहीत होतं?" तोरबोर्गचा आवाज चढला. "आणि इतकी वर्षं मला चोर म्हणत राहिलीस?"

"कुणावर तरी रागवायला हवं होतं मला. स्वतःवर रागवून माणूस किती दिवस जगेल?"

"आणि मी? मी तुझ्यासाठी गप्प बसले! राग्नवाल्डलासुद्धा सांगितलं नाही! सिगब्रिटला वाईट वाटेल, सिगब्रिटला कळू नये…" तोरबोर्ग टेबलाला धरून उठली. "जा तू. फाटक उघडं आहे ना तुझं? जा, बंद कर जाऊन."

सिगब्रिट गेली. हातमोजे टेबलावरच राहिले.

त्यानंतरचे महिने मी सांगितले नाहीत तरी चालतील इतके सारखे होते. तोरबोर्ग पाहुण्यांना बागेत पाठवेना. त्यांनी आपणहून काही सांगितलं तर विषय बदलायची. "चर्च बघितलंत ना? मग झालं." हातमोजे तिने खिडकीत ठेवले होते, आणि धूळ पुसताना ते उचलून, पुसून, पुन्हा तिथेच ठेवायची. पूर्वी ती वाट बघायची. आता वाट बघण्यासारखंही काही उरलं नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. माणसाला खरं कळलं की सुटल्यासारखं वाटतं म्हणतात. मला तसं दिसलं नाही.

पानं गळली. शेवटचा पाहुणा गेला. खिडक्या-खिडक्यांतून नाताळआधीच्या मेणबत्त्या लागायला सुरुवात झाली. पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी, भर दुपारी, दार वाजलं. तोरबोर्गने काठी टेकत जाऊन उघडलं.

सिगब्रिट दारात उभी होती. डोक्यावर बर्फ, हातात काही नाही. "आज बाग बंद झाली," ती म्हणाली. "वसंतापर्यंत. मला कुठे जायला नाही."

तोरबोर्गने दाराची कडी हातातून सोडली नाही. मला वाटलं, दार लोटून घेते की काय.

"मग आत ये की," ती म्हणाली. "दारात उभी राहून सगळा गारठा घरात सोडतेयस."

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला चांगला हिवाळा. सिगब्रिट रोज पूल ओलांडून यायची. त्या फार गोड बोलायच्या असं नाही. लापशीत मीठ किती यावरून दोघी सकाळभर भांडायच्या. पुढच्या उन्हाळ्यात प्रवासी आले, तेव्हा त्यांना एकीऐवजी दोन म्हाताऱ्या मिळाल्या. पाहुणा म्हणे, नदी सुंदर आहे. एक म्हणे, "पूर्वी जास्त सुंदर होती." दुसरी म्हणे, "तुला काय माहीत, तू कधी पलीकडे आलीस?" पाहुण्याला कळायचं नाही, हसावं की उठावं.

काही वर्षं अशी गेली. मग एका एप्रिलमध्ये, नदीतलं बर्फ फुटत असताना, तोरबोर्ग आजारी पडली. सिगब्रिटने स्वतः फोन करून गाडी बोलावली, तिचा हात धरून जिन्यावरून खाली गेली आणि शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिली. हे मी शेजारणीच्या तोंडून ऐकलं. परत आली ती एकटीच. भांडी बांधताना ती मधेच थांबायची आणि कुणीतरी उलट बोलेल म्हणून वाट बघायची.

तिला म्हाताऱ्यांच्या घरात लहानशी खोली मिळाली. तिथे मी मावणार नव्हतो. जाताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुला चांगल्या जागी देते." आता ती असेल की नसेल, मला माहीत नाही. माझ्यापर्यंत बातमी आणणारं कुणी उरलं नाही.

मी आता स्टेशनाजवळच्या प्रवाशांच्या वसतिगृहात, दाराशी असतो. माझी बैठक उघडता येत नाही. कुणीतरी खिळे ठोकून टाकले आहेत. माझ्यावर पाठीवरच्या पिशव्या ठेवतात, बुटांच्या नाड्या बांधतात. आणि फोन बघतात. चर्चचा फोटो, नदीचा फोटो, एकमेकांना दाखवतात, अंगठा वर करतात. कसं वाटलं, असं कुणी कुणाला विचारत नाही. फोटोत दिसतंच आहे ना सगळं. दिवसभर इतकी माणसं येतात, तरी मला कधी नव्हे इतकं एकटं वाटतं.

परवा दुपारी एक मुलगी माझ्यावर येऊन बसली. कुठली होती कळलं नाही. एकटी होती. तिने घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग फोन खिशात टाकून ती नुसतीच बसून राहिली. समोर फरशी पुसणारी बाई होती, सोमालियातून आलेली, सगळे तिला हलीमा म्हणतात. दोघींनाही आमची भाषा धड येत नाही.

मुलगी म्हणाली, कुणाला म्हणाली कुणास ठाऊक, "नदीवर आज बदकं होती. बर्फावर चालत होती. एक घसरलं."

हलीमाने फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि माझ्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

"घसरलं?" ती म्हणाली. "मग काय झालं?"

तुम्ही कुठे गाव बघायला गेलात तर बघून या खुशाल. पण परत आल्यावर कुणापाशी तरी बसून ते सांगा, आणि कुणी सांगत असेल तर जरा थांबून ऐका. माझी एवढीच विनंती आहे. बसायला मी आहेच.